गौरीचं पान कापडावर: मोडी यादीपासून कलादालनापर्यंत

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत जुन्या कागदांची एखादी ट्रंक असतेच. जमिनीचे कागद, लग्नाचे हिशेब, कुणाच्या तरी बढतीचा हुकूम, आणि नशीब असेल तर कुळाचाराच्या सामानाची यादी. आमच्या घरी अशा दोन याद्या निघाल्या. दोन्ही मोडीत, दोन्ही गौरीच्या जेवणाच्या. त्यांवरून मी साडेतीन मीटर लांबीचा एक पट, म्हणजे कापडावरचं चित्र, केलं. केळीच्या पानावर वाढलेला गौरीचा नैवेद्य त्यावर आहे, आणि तो गुळाच्या शाईनं, मंजिष्ठेच्या लालानं आणि डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्यानं काढलेला आहे. काम २०२३ च्या दिवाळीनंतर सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शन भरलं. मोडी वाचणारे, नाशिकचे तीर्थोपाध्याय, अभिलेखागार, काष्ठौषधींचे दुकानदार, कलादालन अशी एकमेकांशी संबंध नसलेली बरीच दारं या कामात लागतात. कुठल्या दारात काय घेऊन जायचं हे कुठेच एकत्र लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळा क्रम तिच्यावरून ठरला. यादीवरून थेट चित्र काढू नका. आधी शिजवा, मग वाढा, आणि वाढलेलं समोर ठेवून काढा. यादी सामान सांगते. पदार्थ केवढा, कसा दुमडलेला, कशाच्या शेजारी बसणारा, हे फक्त पानावर कळतं.

यादी वाचणं

कागद ट्रंकेतून काढल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. खिडकीतून तिरपा उजेड येत असेल अशा जागी कागद सपाट ठेवायचा, शेजारी फूटपट्टी ठेवायची, फ्लॅश बंद. लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन शाईत उतरतो आणि मग तो काढताना कागदच निघून येतो. वाचकाला मूळ कागद द्यायची गरज नसते, चांगला फोटो पुरतो. आम्हाला एका पानाच्या लिप्यंतराला तीनशे रुपये पडले आणि तीन आठवडे थांबावं लागलं.

तरीही थोडी मोडी स्वतः शिकाच. पत्रं किंवा निवाडे वाचायला वर्षं लागतात, पण यादीत तेच तेच शब्द पुन्हा येतात: गूळ, डाळ, तूप, वेलदोडे, नारळ. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावं लागतं, आणि तिथे स्वयंपाक येणारा माणूस लिपी येणाऱ्या माणसाच्या पुढे जातो. आमच्या यादीत वाचकानं ‘पडवल’ वाचून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. गौरीला पडवळ लागतं हे घरातल्या कुणालाही माहीत असतं.

खरी अडचण आकड्यांची. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. पुसट कागदावर ही रेघ विरामचिन्हासारखी दिसते आणि लिप्यंतरातून गळते. लिप्यंतर हातात आलं की प्रत्येक आकडा मूळ फोटोशी ताडून बघा.

दुसरी अडचण शेराची. ब्रिटिश पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. जुना गुजराती शेर साधारण ४० तोळ्यांचा, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा आत. गुजरातच्या बाजारात आजही मण २० किलोचा धरतात, तो याच हिशेबाचा अवशेष. त्यातून मापी शेर वेगळा, कारण मराठी घरांत धान्य मापानंही मोजत: चार शेरांची पायली. बडोद्यातल्या मराठी कारकुनानं लिहिलेल्या ‘शेर ५’ चा अर्थ काय घ्यायचा? उत्तर यादीच्या डोक्यावर होतं: ‘पानें २५’. तांदूळ पाच शेर होते. गुजराती शेर धरला तर एका पानाला ९३ ग्रॅम तांदूळ येतो, पक्का शेर धरला तर १८७. पुरणपोळीच्या जेवणात एका माणसाला पावणेदोनशे ग्रॅम तांदळाचा भात जात नाही. शेर गुजराती होता. आता ही रीत पक्की सांगते: मापाबद्दल शंका आली की पानांची संख्या शोधा आणि तांदळानं भागून बघा. मसाल्यानं किंवा तुपानं भागून काही कळत नाही, ते घराघरांत बदलतं.

तारखांचंही तसंच. बडोद्याच्या कागदांत शके आणि संवत दोन्ही भेटतात. गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो. म्हणून जानेवारीपासून आश्विन संपेपर्यंतच्या मितीला संवतातून ५६ वजा करायचे, आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७. शकात भाद्रपदासाठी ७८ मिळवायचे. आमची पहिली यादी संवत १९५८ भाद्रपदाची, म्हणजे १९०२ ची. दुसरी संवत १९९० ची, म्हणजे १९३४ ची. दोन्ही महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळातल्या.

या दोन कागदांच्या मधे जे झालं त्यातूनच चित्र जन्माला आलं. १९०२ च्या यादीत पुरणाला हरभऱ्याची डाळ आहे, तेल तिळाचं आहे. १९३४ मध्ये पुरणाला तुरीची डाळ आली, तेल भुईमुगाचं झालं. तुरीच्या डाळीचं पुरण ही वेढमीची, म्हणजे गुजराती पुरणपोळीची, रीत. घराणं बडोद्यात रुळलं ते कुठल्या हुकमानं कळत नाही, डाळीच्या नोंदीनं कळतं. म्हणून पटावर दोन पानं काढायची ठरली, एकाशेजारी एक.

मूळ गाव

घराणं कुठून आलं हे कळल्याशिवाय पहिल्या पानावरची तिळाच्या तेलाची आणि आंबिलीची जागा कळत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाशिक गाठलं. तिथले तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्पिढ्या ठेवतात. श्राद्धासाठी, तीर्थविधीसाठी आलेल्या माणसानं आपली वंशावळ सांगायची आणि बहुतेक वेळा खाली स्वतःच्या हातानं सही करायची, अशी पद्धत. वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या असतात. बडोद्याचा पत्ता सांगून काही निघत नाही. जाताना मूळ आडनाव (पुढे बदललेलं असेल तर दोन्ही), मूळ गावाचा अंदाज, कुलदैवत, आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. कुलदैवत फार उपयोगी पडतं, एकाच आडनावाची दोन गावं असली की निवाडा त्यावर होतो.

उपाध्यायांशी बोलताना घाई करू नका. “गुरुजी, वहीचा फोटो घेतला तर चालेल का?” हे आधी विचारा, दक्षिणा ऐपतीप्रमाणे द्या, आणि आपल्या पिढीची नोंद करून या. आम्ही प्रवास आणि दक्षिणा मिळून साडेचार हजार खर्च केले. नोंदीत खानदेशातलं गाव निघालं, आणि तिळाच्या तेलाचा उलगडा झाला.

अभिलेखागाराला मात्र वेळ लागला. पूर्वज कुठल्या खात्यात होते ते बघायला अर्ज केला. सोबत आधारची प्रत, दोन फोटो, अभ्यासाचा हेतू सांगणारं पत्र आणि एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. शिफारसपत्रावर तारीख आणि शिक्का नसला की अर्ज परत येतो. आमची परवानगी यायला दीड महिना लागला. तिथे ‘माझे पणजोबा शोधायचेत’ असं सांगून कुणी मदत करू शकत नाही. खातं, साल आणि दफ्तराचा प्रकार सांगावा लागतो. आधी सूचिपत्र बघा, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक टिपून ठेवा, मगच मागणीचिठ्ठी भरा. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. प्रती मिळायला वेगळा अर्ज. चित्राच्या दृष्टीनं बोलायचं तर तिथून मिळालेलं फार थोडं पटावर उतरलं. ज्यांना फक्त कुळाचाराचं काम करायचं आहे त्यांनी आधी घरातले कागद आणि नाशिक संपवावं, अभिलेखागार शेवटी.

शाई आणि रंग

मे महिन्यात काळी शाई घातली. गुजरातेत देवीपूजक समाजातली चितारा कुटुंबं अहमदाबादेत मातानी पछेडी काढतात. मंदिरात प्रवेश नाकारला गेलेल्या लोकांनी कापडावरच देवीचं मंदिर उभं केलं, तो हा पट. त्यांची काळी शाई गूळ आणि गंजलेल्या लोखंडाची असते, आणि तिला दाटपणा चिंचोक्याच्या पिठानं येतो. मी तंत्र घेतलं, त्यांची देवी, तिचा मांडव आणि कडेची रचना घेतली नाही. ती त्यांची उपासना आहे. प्रदर्शनातल्या पाटीवर तंत्र कुणाचं हे स्पष्ट लिहिलं, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येकानं लिहावं.

प्रमाण असं. पाच लिटर पाण्यात अर्धा किलो गूळ, एक ते दीड किलो लोखंडाचे तुकडे. भंगारवाल्याकडून साधं लोखंड घ्या. जस्ताचा मुलामा असलेले खिळे आणि स्टेनलेस स्टील चालत नाही. तुकडे आधी आगीत तापवून त्यांवरचं तेल जाळा, धुवा, गंजू द्या. मडक्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरून वर फडकं बांधा. घट्ट झाकण लावू नका, वायू सुटतो. रोज काठीनं ढवळा. बडोद्याच्या मे महिन्यात पंधरवड्यात आंबतं, थंडीत महिना लागू शकतो. फेस खाली बसला, आंबट वास आला आणि पाणी करडं-तपकिरी झालं की गाळून घ्या. ही शाई बाटलीत काळी दिसत नाही. ती हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कापडावर टेकली की काही क्षणांत काळी पडते, कारण लोहाचा क्षार हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळतो. कापडाच्या कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. करडाच राहिला तर आणखी चार दिवस आंबू द्या.

कलमासाठी लिटरला ३० ते ४० ग्रॅम चिंचोक्याचं पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचं आणि गाळायचं. कमी पडलं तर शाई पसरते, जास्त झालं तर कलमातून उतरत नाही आणि रेघ कापडाच्या वरच सुकून धुताना निघून जाते.

कापड मांजरपाट, मंगळ बाजारातून, न धुतलेलं. सव्वादोन किलो कापड नमुन्यांसह लागलं. किलोला वीस ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं, खळ पूर्ण जायला हवी. पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार. खळ राहिली तर हिरडा ढगाढगानं बसतो आणि तेच डाग शेवटपर्यंत दिसतात.

मग हिरडा. किलो कापडाला दोनशे ग्रॅम हिरडापूड रात्रभर भिजवून पाच लिटर पाणी करायचं. त्यात एक लिटर पाणी न घातलेलं म्हशीचं दूध. ही दुधाची रीत आंध्रातल्या श्रीकाळहस्तीच्या कलमकारीची, म्हणजे कलमानं कापडावर चित्र काढण्याच्या कलेची, आहे. दुधातल्या स्निग्धांशामुळे कलमाची रेघ फुटत नाही. कापड अर्धा तास बुडवून, हलकं पिळून, त्याच दिवशी कडक उन्हात सपाट वाळवायचं. दोरीवर दुमडून टाकलं तर घडीच्या जागी गडद पट्टा उमटतो. दूध असल्यामुळे ओलं राहिलं की वास येतो, मुंग्या येतात, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून हिरड्याचं काम जून ते सप्टेंबर बंद ठेवा.

लाल रंग तुरटी आणि मंजिष्ठेचा. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम तुरटी, साठ ग्रॅम शिजवलेलं चिंचोक्याचं पीठ. हे मिश्रण रंगहीन असतं, कुठे लावलं ते दिसावं म्हणून चिमूटभर गेरू. लावून किमान तीन दिवस वाळू द्यायचं, आठवडा दिला तर आणखी बरं. नंतर वाहत्या पाण्यात धुवायचं. इथे सगळ्यात जास्त पट बिघडतात. साठवलेल्या पाण्यात धुतलं की सुटलेली तुरटी कोऱ्या जागी जाऊन बसते, आणि रंगाच्या भांड्यात ती जागाही लाल होते. अहमदाबादेत हे काम परंपरेनं साबरमतीत करत आले. बडोद्यात विश्वामित्रीचा विचारही करू नका, पाणी गढूळ आणि नदीत मगरी. गच्चीवर कापड उताराला पसरून, वरून नळी धरून, पाणी खाली वाहून जाऊ देत धुवायचं. दोघी असल्याशिवाय जमत नाही.

रंगाला किलो कापडामागे चारशे ग्रॅम मंजिष्ठा आणि शंभर ग्रॅम धायटीची फुलं. धायटीमुळे रंग एकसारखा चढतो. दोन्ही, आणि हिरडाही, मांडवीच्या बाजूला काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानांत मिळतात. तिथे गुजराती नावं सांगावी लागतात: हरडे, मजीठ, धावडीनां फूल. पाणी हळूहळू तापवायचं आणि खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर लाल तपकिरीकडे जातो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर लाल मंद होतो. आजवा तलावातून येणारं नळाचं पाणी वापरलं तेव्हा रंग उजळ आला.

पिवळ्यासाठी पहिला विचार अर्थातच हळदीचा आला. नमुन्याची अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावली. दोन आठवड्यांत उघड्या अर्ध्या भागातली हळद जवळजवळ उडाली. हळद सुंदर आहे पण उजेडात टिकत नाही. तीनशे ग्रॅम वाळलेल्या डाळिंबाच्या साली दीड लिटर पाण्यात निम्म्यावर आटवून, तुरटी लावलेल्या जागी भरल्या की येणारा पिवळा टिकतो. त्याच पाण्यात लोखंडाच्या शाईचे थोडे थेंब घातले की शेवाळी हिरवा मिळतो, भाज्यांना पुरतो. तुरटीत थोडी काळी शाई मिसळून मंजिष्ठेत टाकलं की जांभळट तपकिरी येतो. वांग्यांना तो अगदी बरोबर बसला.

बडोद्यात हे करताना एक आधार वाटत राहिला. इथे १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली, आणि तिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं जाई. पुढे विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाच्या मेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानं खेळणी केली. स्वयंपाकघराचं सामान घेऊन चित्र काढणं या गावाला परकं नाही.

शिजवणं आणि वाढणं

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. कागद आणि वाळवलेलं कापड वरच्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं. ज्यांचे कागद भिजले त्यांच्यासाठी: पानं ओढून सुटी करू नका, मधे टिपकागद घालून पंख्याच्या हवेत वाळवा, उन्हात नाही.

गौरी ११ सप्टेंबरला जेवल्या. त्याआधी दोन्ही याद्यांचा स्वयंपाक पाच पानांच्या प्रमाणात करून पाहिला होता. हरभऱ्याचं पुरण पुरणयंत्रातून मऊ निघतं आणि पोळी मोठी, पातळ लाटता येते. तुरीची डाळ पाणी धरून ठेवते. आत्याचं सांगणं एवढंच होतं, “उलथनं उभं राहीपर्यंत आटव गं, मग बिघडत नाही.” तरीही त्या पुरणाची पोळी लहान आणि जाडच झाली. म्हणून पटावर १९०२ च्या पानात पोळी चौघडी घातलेली, पानाबाहेर टोक येणारी आहे, आणि १९३४ च्या पानात लहान, गोल, न दुमडलेली, वर तूप. हा फरक यादी वाचून कधीच काढता आला नसता.

वाढणं ही स्वतःच एक रचना आहे, आणि ती पक्की आहे. पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटण्या, कोशिंबिरी, पंचामृत. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी. खाली मध्यावर भाताची मूद, वर वरण आणि तूप. डावी बाजू थोडी थोडी आणि झणझणीत, उजवी भरघोस, मध्य पांढरा. चित्रकाराला तोल शिकायला याहून चांगला पाठ नाही. पान वाढलं की खुर्चीवर उभं राहून सरळ वरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि नैवेद्य दाखवण्याआधी आटपा. रेखाटनं मात्र चाचणीच्या स्वयंपाकाच्या दिवशीच करून ठेवा. सणाच्या दिवशी हातात पेन्सिल धरायला सवड मिळत नाही आणि धरूही नये.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पट काढला. आधी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन बसले. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाड्याच्या भिंती इतक्या चित्रांनी भरलेल्या बडोद्यात दुसरीकडे नाहीत. जागा कशी भरायची हे तिथे कळतं, आणि माझ्या पटाला भरगच्चपणा नको हेही तिथेच ठरलं. केळीचं पान हिरवं रंगवलं नाही, नुसत्या काळ्या शिरा काढल्या. याला व्यवहाराचंही कारण आहे: लोखंडाची शाई मोठ्या क्षेत्रावर भरली की काही वर्षांत कापड तिथे कुजायला लागतं. रेघ चालते, भराव टाळावा. मीठ, भात आणि खीर यांना रंगच दिला नाही, ते कापडाचं स्वतःचं पांढरं आहे. मंजिष्ठेच्या भांड्यातून निघाल्यावर हे पांढरं गुलाबी झालेलं असतं. कापड गच्चीवर पसरून, पाणी शिंपडत, उन्हात आठवडाभर ठेवलं की ते उजळतं.

कलादालन

सरकारी कलादालनाचा अर्ज जूनमध्येच टाकला होता. सोबत पाच कामांचे फोटो, परिचयपत्र, आधारची प्रत. दिवसाला हजार रुपये भाडं, पाच हजार परतीची अनामत, तीही डिमांड ड्राफ्टनं. होकार सप्टेंबरमध्ये आला, तारखा जानेवारीच्या होत्या, मग फेब्रुवारीवर गेल्या. पत्रिका छापायच्या आधी लेखी तारीख हातात घ्या.

प्रदर्शनात पुरण चाखायला ठेवायचं होतं. दालनात आग आणि अन्न दोन्ही बंद, पण ओसरीत परवानगी मिळाली, अट एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीची. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी पुरत होती, शुल्क वर्षाला शंभर रुपये, अर्ज ऑनलाइन. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. आम्ही दुसरा मार्ग घेतला: नोंदणी असलेल्या एका गृहउद्योगातल्या काकूंनी दोन्ही पुरणं केली आणि त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडली. एका दिवसाच्या कामासाठी हेच सोपं.

पट टांगताना खिळे मारू नका. वर आणि खाली नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घालायची, लाकूड आधी पॉलिश करून. नाहीतर त्यातला आम्ल अंश कापडात उतरतो. वनस्पतिज रंगांच्या कापडावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. मोबाइलच्या अॅपनं अंदाज येतो. दालनातले दोन दिवे आम्ही बंद करवले. पाट्या मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत केल्या, आणि साहित्याच्या जागी ‘मिश्र माध्यम’ न लिहिता गूळ, लोखंड, चिंचोके, हिरडा, दूध, तुरटी, मंजिष्ठा, धायटी, डाळिंबाची साल असं सगळं लिहिलं. लोक सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले. कितीतरी जणींनी आपल्या घरचं पुरण कुठल्या डाळीचं ते सांगितलं. पुढच्या वेळी अशा नोंदींसाठी टेबलावर एक कोरी वही ठेवणार आहे, रकान्यांसह: मूळ गाव, बडोद्यात केव्हा आले, डाळ कुठली.

एकूण खर्च बत्तीस हजारांच्या घरात गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा भाडं, छपाई आणि प्रवासाचा. कापड आणि रंग मिळून साडेचार हजारांतच झालं. अनामत परत यायला दोन महिने लागले. पावतीची मूळ प्रत जपून ठेवा, तिच्याशिवाय मिळत नाही.

पट आता पीव्हीसीच्या नळीवर जुनं धुतलेलं मलमल गुंडाळून, त्यावर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळला आहे. घडी घालत नाही. डांबराच्या गोळ्या नाहीत, मलमलीत वेखंडाची पुरचुंडी. दरवर्षी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की, दोन दिवस सावलीत उलगडायचा आणि काळ्या रेघांवरून हलकं बोट फिरवून कापड ठिसूळ होतंय का ते बघायचं. एखाद्या जागी झालंच, तर मागून त्याच मांजरपाटाचं ठिगळ टाक्यांनी लावायचं, गोंदानं नाही. त्यासाठी हिरडा लावलेलं हातभर कापड वेगळं ठेवलं आहे.